भैरीच्या मुखवट्याला घातलेले हार

अहो, तुमचा फोटो अजून भिंतीवर लागलेला नाही. तेराव्याच्या आधीच प्रमोद तो मोठा करून, चौकटीत बसवून घेऊन आला होता. कुणाच्या तरी लग्नात मोबाईलवर काढलेला. मागं एका बाईचा पदर आलाय आणि तुम्ही खाली ताटात बघताय. जन्मभर शिराळ्याच्या माणसांना 'हनुवटी वर, इकडं बघा, पापणी लववू नका' म्हणणाऱ्या फोटोग्राफरचा सरळ बघणारा एक फोटो घरात निघाला नाही. मला हसू आलं. सुनेनं घाईघाईनं पाणी आणून दिलं. तिला वाटलं, सासूबाईंचं काही खरं नाही.

फोटो लागला नाही, कारण तो लावताना तुमचं एक प्रकरण बाहेर पडलं. तुम्ही म्हणाल, गेलेल्या माणसाशीसुद्धा भांडतेस? भांडते. होता तेव्हा तुम्ही सापडत कुठं होता? जरा माझा आवाज चढला की डार्करूममध्ये शिरून आतून कडी घालायचात, आणि मी दार वाजवलं की 'उजेड येईल, रोल खराब होईल' म्हणायचात. आता रोल नाही आणि कडीही नाही. ऐका.

तेरावं झालं त्या दुपारी माझ्या माहेरचा सदा अजून इथंच होता, माझा चुलतभाऊ. प्रमोद स्टुलावर चढलेला. भिंतीवर तो फोटो, तुमचा सगळ्यात नावाजलेला. भैरीच्या जत्रेत नाचणारा माणूस, तोंडावर लाकडी मुखवटा, एक हात वर उचललेला. माझे वडील. प्रमोद म्हणाला, "आजोबांना जरा डावीकडं घेतो, म्हणजे शेजारी बाबा बसतील."

सदा चहा पीत होता. "कुठलं आजोबा?"

"हे काय. आईचे वडील."

"ह्ये?" सदानं बशी खाली ठेवली. "आरं, ह्यो अण्णा न्हवं. ह्यो म्हादूनाना, खालच्या आळीचा."

मी म्हणाले, "सदा, चष्मा घरी ठेवून आलायस का?"

"आक्का, मागं देऊळ बघ की. कौलं उतरल्याली हायत. ज्या साली पत्रं घातलं, त्या सालचं हाय ह्ये. तवा आमच्यात सुतक हुतं, जत्रंच्या तोंडावर थोरली आजी गेली. सुतकात मुखवटा कसा चढवायचा? देवळाच्या मान्सांनी घोंगड्यात गुंडाळून खाली न्हेला आन् म्हादूनानाला दिला. आमी समदी लांब वडाखाली बसून बघत हुतो. अण्णा बी माझ्या शेजारीच."

"मग एवढी वर्षं हा फोटो बघतोयस, बोलला नाहीस ते?"

"काय बोलायचं?" सदाला खरंच कळेना. "तू देव म्हणून लावलाईस, आसंच वाटलं आमास्नी. मुखवटा चढला की त्यात मानूस कुठला ऱ्हातोय?"

म्हणजे बघा काय झालं. माझ्या माहेरची माणसं या घरात यायची, चपला काढून त्या फोटोपुढं उभी राहायची, आणि मी त्यांच्या शेजारी. ते भैरीला हात जोडायचे, मी बापाला जोडायचे. सगळ्यांचं समाधान. आणि आत जो घामाघूम होऊन उभा होता, त्या म्हादूनानाला कुणीच हात जोडला नाही.

पितृपंधरवड्यात मी त्याला वाटीत तांदळाची खीर ठेवत होते हो. वर सुपारीचं खांड, अण्णांना आवडायचं म्हणून. एकदा मोठ्या सुनेनं हार घालताना मुखवट्याचे डोळे झाकले, तर 'माझ्या बापाला श्वास घेऊ दे' म्हणून तिच्यावर ओरडले. शेजारच्या बायकांना हाताला धरून आणून दाखवायचे, बघा, नाक कसं सरळ, अगदी आमच्या अण्णांचं. लाकडाचं नाक! पांगाऱ्याच्या लाकडाचं, कुणा सुतारानं कधी काळी तासलेलं. त्या बायकासुद्धा म्हणायच्या, 'व्हय बाई, तुमच्यावरच गेलंय.'

अशी मी शहाणी. पण शहाणपण काही त्या दिवशी सुरू झालेलं नाही. त्याची सुरुवात मला आमच्या मेढ्याच्या वरच्या अंगाच्या गावातल्या ओसरीवर दिसते. तुम्ही पहिल्यांदा आलात, बुशकोट, मनगटात घड्याळ, केसांना तेलाचा थेंब नाही. मी दाराआडून पदराचं टोक चावत बघत होते. तुम्ही अण्णांना म्हणालात, "बघायला मिळेल का?" आणि मी आत पळाले, कपाळावरचं कुंकू नीट केलं, आईची चांगली बांगडी हातात घातली आणि चहा घेऊन बाहेर आले. तुम्ही कप घेतलात तो माझ्याकडं न बघता. तुमचे डोळे माळ्याकडं होते. तिथं कपड्यात बांधलेला मुखवटा होता. तुम्ही त्याला बघायला आला होता.

पुढं आणखी दोनदा आलात. गावाला वाटलं मुलीसाठी येतोय. मला तर वाटतच होतं. मुलीचा बाप म्हणून अण्णांनी शेवटी विचारलं, आणि तुम्ही हो म्हणालात. का म्हणालात, हे मी लग्नानंतर विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत, "परक्या माणसाला रिंगणाच्या आत सोडत नाहीत. जावयाला सोडतात." मग माझं तोंड बघून म्हणालात, गंमत केली. ती गंमत होती का, हे मला अजून कळलेलं नाही. आमच्या गावात खरंच तशी रीत होती. सोंगं नाचायची तेव्हा दोरीच्या आत मानकरी, वाजवणारे आणि गावाचे जावई. बाकी जगानं बाहेरून बघायचं. तुम्ही दोरीच्या आत गेलात, आणि त्याची वाट माझ्या गळ्यात मंगळसूत्र घालून जात होती.

तरी त्या पहिल्या जत्रेत मी किती ऐटीत होते! तुमचा तो दोन डोळ्यांचा कॅमेरा, छातीशी धरायचा आणि वरून आत वाकून बघायचं. मान सतत खाली. गावातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, जावई लय भाविक, देवापुढं मान वर करत न्हाई. मी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. उलट म्हटलं, घरीही असेच असतात.

कोवळ्या उन्हात ढोल सुरू व्हायचा. अण्णा देवळामागून यायचे तेव्हा ते अण्णा नसायचे. मुखवटा बांधला की त्या माणसाला नावानं हाक मारायची नाही, घरच्यांनी जवळ जायचं नाही. आई तर खाली मातीकडं बघत उभी राहायची. मी बघायचे पायांकडं. अण्णांच्या डाव्या पायाचा अंगठा बाकीच्या बोटांपासून फटकून राहिलेला होता, ताल धरताना तो आधी टेकायचा आणि मागून पाऊल यायचं. त्या अंगठ्यावरून मी त्यांना हजार माणसांत ओळखलं असतं. पण तुमच्या फोटोत पाय कधी नसायचे. मुखवटा मोठा दिसावा म्हणून तुम्ही पुढं सरकायचात आणि गुडघ्याखालचं जग कापून टाकायचात. त्या भिंतीवरच्या फोटोत पाय असते, तर मी खिरीची वाटी ठेवायच्या आधीच थांबले असते.

नाच संपला की अण्णा देवळाच्या मागच्या पायरीवर बसायचे. मुखवटा उतरलेला, कपाळावर दोरीचा लाल वळ, घामानं भिजलेले, तांब्याभर ताक एका दमात पिणारे. मी तुम्हाला ओढत तिथं नेलं होतं. म्हटलं, आता काढा. हे माझे वडील आहेत, आता काढा.

तुम्ही म्हणालात, "चेहरा सगळ्यांनाच असतो. मुखवटा एवढा एकच आहे. रोल जपून वापरावा लागतो."

आपलं खरं भांडण इतकंच होतं, बाकी सगळी किरकोळ. मी म्हणायचे, मुखवटा उद्या माळ्यावर असेल, माणूस नसेल. तुम्ही म्हणायचात, माणसं येतात जातात, मुखवटा राहतो, म्हणून त्याचा फोटो महत्त्वाचा. राहणाऱ्या वस्तूचा फोटो कशाला काढायचा, हे तुम्ही मला एकदाही धड सांगू शकला नाही.

आणि म्हादूनानाची जत्रा झाली त्या साली मी शिराळ्यात होते, धाकट्याची बाळंतीण, खोलीत शेगडी आणि ओव्याचा धूर. बाळंतिणीला माहेरच्या मयताची बातमी कुणी देत नाही. तुम्ही एकटे गेलात, एकटे आलात. मी विचारलं, "अण्णा कसे नाचले?" तुम्ही पिशवीतून रोल काढत होता. म्हणालात, "यंदा फार चांगलं मिळालं." एवढंच. मी त्यात माझं उत्तर ऐकलं. कोण नाचलं ते तुम्ही बोललाच नाही, आणि मला ते कळलंच नाही.

तुमच्या बाजूनं काही लिहायचंच नाही, असं नाही. तुमची आई 'सून आणली का रंगारी' म्हणून डोकं धरून बसली, तरी तुम्ही माझ्या हातात तो उंदराच्या शेपटीएवढा बारीक ब्रश दिलात. फोटोवरचे पांढरे ठिपके भरायला शिकवलंत. मग पापणी लवलेल्यांना डोळे काढायला. मग आणखी पुढचं. आसपासच्या वाड्यांवर कुणी म्हातारं माणूस गेलं आणि त्याचा जिवंतपणीचा फोटो नसला, की लोक तुम्हाला बोलावून न्यायचे. तुम्ही मिटल्या डोळ्यांचा फोटो घेऊन यायचात आणि माझ्यापुढं ठेवून म्हणायचात, "उघड." मी घरच्यांना विचारायचे, नजर कशी होती, रागीट का मवाळ, आणि डोळे उघडून द्यायचे. त्या भिंतींवर अजून कितीतरी म्हातारे माझ्या हातच्या डोळ्यांनी सुनांकडं बघत असतील. त्या कामात मी सुखी होते, हे कबूल करते. दुपारच्या वेळी तुम्ही माझ्या खांद्यावरून वाकून बघायचात आणि काही न बोलता दिवा जरा जवळ सरकवायचात. तेवढं तुम्हाला जमायचं.

पण मग ती नागपंचमी. अण्णा मुद्दाम मेढ्याहून आले, धुतलेला पटका, नवी बंडी. मला आदल्या जत्रेत म्हणाले होते, तुझ्या मालकांकडनं एक फोटू काढून घ्यायचा हाय, नुसता माझा. शिराळ्यात त्या दिवशी मुंगीला वाट नव्हती आणि आपल्या स्टुडिओत तर दारापर्यंत रांग. अण्णा आत आले. समोरच तो मुखवट्याचा फोटो टांगलेला होता. त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले.

मला केवढं हसू आलं! म्हटलं, "अण्णा, स्वतःलाच नमस्कार?"

अण्णांनी जोडलेले हात खाली घेतले नाहीत. मग म्हणाले, "भैरी हाय बाई त्यो."

मी परत हसले. साधा भोळा माझा बाप, असं वाटलं. भोळं कोण होतं ते आता कळतंय. तुम्ही तिथंच होता, अहो. पडद्याच्या दोरीशी. तुम्ही ऐकलंत.

तुम्ही त्यांना स्टुलावर बसवलंत. "दोन मिनिटं, अण्णा. एवढं एक कुटुंब होऊ द्या." मग दुसरं कुटुंब. मग जोडपं. मग कुणी पाटलाचे पाव्हणे, त्यांना परत जायची घाई. प्रत्येक वेळी स्टूल लागायचं, अण्णा उठायचे, भिंतीला टेकायचे, आणि रिकामं झालं की परत जाऊन ताठ बसायचे, हात गुडघ्यांवर, हनुवटी वर. तुम्ही सांगितलं होतं ना, हनुवटी वर ठेवा म्हणून. मी तुम्हाला आत बोलावून म्हटलं, "त्यांचा एक काढा ना, किती वेळ लागतो?" तुम्ही म्हणालात, "घरचंच माणूस आहे, कधीही काढू. गिऱ्हाईक जाईल."

उन्हं उतरली. अण्णा पटका सारखा करत उठले. "ऱ्हाऊ द्या, जावईबापू. तुमचं गिऱ्हाईक बघा. माजी गाडी हाय."

"पुढच्या वेळी नक्की, अण्णा."

"व्हय की. कुठं पळून चाललोय."

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. गाडीत चढताना म्हणाले, "तुझं मालक कष्टाळू हाय." चिडले असते तर बरं झालं असतं. मीही त्या वेळी तुमच्यावर चिडले नाही. अण्णांवर चिडले, की गर्दीच्या दिवशीच का आलात म्हणून. ती नव्या पातळातली, कपाळाला टिकली लावून स्टँडवर बापाला शहाणपण शिकवणारी बाई मला आज भेटली, तर तिच्या दोन्ही कानांखाली आवाज काढीन.

पुढची वेळ आलीच नाही. निरोप आला तेव्हा निघताना तुम्ही कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावलीत. मी ते पाहिलं होतं. मी ब्रश घेतला. दोघांनीही एकमेकांना काही सांगितलं नाही. पोचलो तेव्हा अण्णांना नेलेलं होतं, माणसं नदीवरून परत येत होती. तुम्ही पिशवी कुणाला दिसू नये म्हणून भाड्याच्या गाडीतच ठेवलीत. ते मी विसरलेले नाही.

घरी आल्यावर मीच स्टुडिओतून तो फोटो उचलून आणला. तुम्ही दारात उभे राहून बघत होता. म्हणालात, "हा नको. हा घरात लावायचा नाही."

"माझ्या बापाचा फोटो लावायची चोरी आहे का या घरात?"

"मुखवट्याला हार कशाला?"

"मग दुसरा दाखवा. आहे का तुमच्याकडं? सगळ्या तालुक्याची तोंडं आहेत, त्यांचं आहे का?"

तुम्ही आत गेलात. मग हातोडी आणलीत आणि खिळा स्वतः ठोकून दिलात. मला वाटलं, जिंकले.

सदा बोलून गेल्यापासून मी ती हातोडी ऐकतेय. तुम्हाला माहीत होतं, असं धरलं तर सगळं जुळतं. 'हा नको' म्हणणं जुळतं. दरसाल पक्षाच्या दिवशी मी खीर ठेवायचे, आणि तुम्ही नेमके डबा घेऊन स्टुडिओत जेवायचात, तेही जुळतं. मला वाटायचं, जावयाला सासरा नकोसा झालाय. तुम्हाला ती खीर बघवत नव्हती. एक वाक्य होतं, अहो. 'अगं, हे अण्णा नव्हेत.' एवढं बोलायला काय लागत होतं? मी रडले असते, आठवडाभर स्वयंपाकात मीठ घातलं नसतं, आणि मग भिंत रिकामी ठेवून रिकाम्या भिंतीशी खरं दुःख केलं असतं. तुम्ही माझं दुःख दुसऱ्याच्या पत्त्यावर जाऊ दिलंत.

आणि माहीत नव्हतं, असं धरलं तर तेही जुळतं. तुम्ही मान खाली घालून त्या काचेत मुखवटा बघत होता. सुतकाचं कानावर आलं असेल, तरी आत कोण आहे, हे तुम्ही कधी विचारलंच नसेल. पुण्याहून पुस्तकवाले आले होते तेव्हा त्यांनी विचारलं, हा कोण नर्तक? तुम्ही मोठ्या रुबाबात म्हणालात, "आत कोण आहे याला महत्त्व नाही." मी चहा देत होते. मी म्हटलं, "माझे वडील आहेत." तुम्ही हसून म्हणालात, "हो, माझे सासरे." छापलं मात्र 'मुखवटाधारी नर्तक' असंच.

कुठल्या माणसाला रडू, सांगा. ज्याला माहीत होतं आणि बोलला नाही त्याला, की ज्याला माहीत करून घ्यावंसंच वाटलं नाही त्याला? दोघंही तुमच्यासारखेच दिसतात.

प्रमोदची सई फार गुणी पोर. मला असं बसलेलं बघून म्हणाली, "आजी, तू नुसतं वर्णन सांग, फोनवर पणजोबांचा चेहरा बनवून देते. अगदी खरा वाटतो." मी सरसावून बसले. डोळे उघडणारी बाई मी, मला काय अवघड? म्हटलं, लिही. कपाळावर लाल वळ. घाम. मिशीला ताक लागलेलं. डाव्या पायाचा अंगठा.

"आजी, पायाचं नको. नाक कसं होतं?"

मी तोंड उघडलं, आणि मला पांगाऱ्याचं नाक दिसलं. सरळ, पिवळं, चकचकीत. डोळे आठवायला गेले तर दोन बारीक भोकं. रोज सकाळी उदबत्ती फिरवून फिरवून मी ते माझ्या बापाच्या तोंडावर पक्कं बसवून टाकलं होतं. सई फोन धरून थांबली होती. मी म्हटलं, जा, अभ्यास कर.

तुमच्यावर एवढी मी कधीच चिडले नव्हते. तुमच्या चितेपाशीसुद्धा मला एवढं रडू आलं नव्हतं.

म्हादूनाना कधीच गेला. पण सदा म्हणाला, त्याची बायको सोनाकाकू आहे अजून. मी प्रमोदला गाडी काढायला लावली. चौकट शालीत गुंडाळून मांडीवर घेतली. सगळ्या वाटेवर तो एकच विचारत होता, "आई, नक्की ना? बाबांचा सगळ्यात मोठा फोटो आहे हा." मी म्हटलं, "बाबांचा नाही. त्यांनी नुसतं बटण दाबलंय."

सोनाकाकू ओसरीत वाकळ शिवत होती. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरा मिचकावत म्हणाली, "कोन गं?"

"वरच्या आळीच्या अण्णांची लेक. शिराळ्याला दिलेली."

"फोटूवाल्याची?"

"व्हय."

मी शाल सोडून चौकट तिच्या मांडीवर ठेवली. काही सांगितलं नाही. मनात दुष्टपणा होता, लपवत नाही. म्हटलं, बघू, हिला तरी ओळखू येतो का. तिनं ती उजेडाकडं वळवली. मुखवट्याकडं बघून आधी रीतीनं हात जोडले. मग तिचं बोट काचेवरून खाली आलं आणि वर उचललेल्या हाताच्या कोपराशी थांबलं.

"हिथं बैलानं शिंग घातलं हुतं," ती म्हणाली. "मग हात कवा सरळ झालाच न्हाई." आणि हळूच, "आमचं मालक हायती."

सून आतून आली. "आत्याबाई, तोंड कुठं दिसतंय त्यात?"

"तोंड काय करायचंय? हात हाय की."

अहो, त्या वाकलेल्या हाताबद्दल तुमच्या पुस्तकवाल्यांनी पानभर लिहिलं होतं. ती म्हणे आशीर्वाद देण्याची मुद्रा. सून म्हणाली, "आता जत्रंत गावची पोरं बी हात तसाच वाकवत्यात, पुस्तकातला फोटू बघून." बैलाचं शिंग, आणि गाव त्यावर नाचतंय. मी हसायला लागले. सोनाकाकूही हसली, कशाला ते न कळता. दात एकही नाही, पण हसणं सबंध. आणि मी, जिनं बारीक ब्रशानं परक्यांच्या बापांचे डोळे केसागणिक भरले, तिनं एवढी वर्षं त्या हाताकडं धड बघितलं नव्हतं. माझ्या बापाचे दोन्ही हात सरळ होते.

"ह्यो मला आनलाय?"

"तुमचाच आहे, काकू."

तिनं पदरानं काच पुसली. कोपऱ्यात माझ्या हाराचा वाळका दोरा अडकला होता, तो काढून माझ्या हातात दिला. "एक बी फोटू न्हवता आमच्यात त्येंचा. पोरं इचारायची, आजा कसा हुता. काय दाखवू?" मग तिनं दोन्ही हात जोडले, मला नाही, माझ्या मागच्या वाटेकडं, शिराळा जिकडं असेल असं तिला वाटलं तिकडं. "तुझ्या मालकांस्नी सांग, म्हातारीनं हात जोडलं म्हून. लय उपकार झालं त्येंचं. देवमानूस."

प्रमोदनं तोंड उघडलं, "काकू, बाबा तर..." मी त्याच्या गुडघ्यावर हात दाबला.

म्हटलं, "सांगते."

म्हणून लिहायला बसले. सोनाकाकूनं हात जोडलेत. तुमचे लय उपकार झालेत, आणि तुम्ही देवमाणूस आहात, असं तिनं सांगितलंय. तिचा निरोप होता, तो जसाच्या तसा पोचवला. यात माझं काही नाही.